धुराची डबी

दार उघडून आत आलो तेव्हा ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं, पण त्याची नळी रिकाम्या पलंगावरून खाली लोंबत होती. अण्णा पलंगावर नव्हते.

हेल्मेट हातातून कधी खाली ठेवलं ते आठवत नाही. मोरीचं दार ढकललं, आत कुणी नाही. स्वयंपाकघरात नाही. नळी काढून चार पावलं चालले तरी अण्णांच्या ओठांवर निळसर झाक यायची, आणि माझी बायको वैजयंती त्याच दिवशी सकाळी पुण्याला गेली होती. गाडीत बसल्यावरही काच खाली करून म्हणाली होती, "रोशन, अण्णांना फार वेळ एकटं सोडू नकोस हं."

मागच्या पडवीतून बारीक आवाज आला. खर्र, खर्र. मग धाप. मग पुन्हा खर्र.

अण्णा पाटावर बसले होते. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर लाकडाचा भुसा, आणि हातात काड्यापेटीच्या दुप्पट आकाराची, गोलसर कडांची एक सागवानी डबी. पॉलिश पेपरनं ते तिची कड घासत होते.

"अण्णा, नळी काढून बसलात तुम्ही!"

"आलासा व्हय लवकर?" त्यांनी डबी टॉवेलात गुंडाळली. घाईनं गुंडाळली, हे माझ्या लक्षात आलं.

"उठा आधी. आत चला."

"येतो. एवढं वरडायला काय झालं?"

मी त्यांना धरून आत आणलं, नळी नाकाशी लावली. ते डोळे मिटून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. टॉवेल मात्र छातीशी घट्ट धरलेला.

अण्णा म्हणजे माझे सासरे, हिंदुराव सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करण्यात त्यांचा जन्म गेला. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो, मग त्याच्यावरून वाळूचा साचा निघतो. ते लाकडातलं काम अण्णांचं. लाकडाचा भुसा आणि बिड्या, या दोन्हींनी मिळून त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. बिडी सुटली ती डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं तेव्हा.

माझं आणि त्यांचं बोलणं बेताचंच. मी आर्वीकडचा, वर्धा जिल्ह्यातला, जातही वेगळी. वैजूनं माझ्याशी लग्न ठरवलं तेव्हा ते लग्नाला आले नाहीत. सासूबाई गेल्यानंतर आणि दुखणं वाढल्यानंतर आम्हीच त्यांच्या घरी राहायला आलो. तेव्हापासून ते मला 'जावईबापू' म्हणत आणि अहोजाहो करत, पण त्यात आदर किती आणि अंतर किती, ते मला कधी उलगडलं नाही.

आणि माझा धंदा असा, की मला आगीची भीती. मी विमा कंपन्यांसाठी आगीच्या नुकसानीचा सर्व्हे करायचो. जळलेली गोदामं, जळलेली दुकानं, कधीकधी जळलेली घरं. रोज राखेत उभं राहून 'कशानं लागली?' हेच शोधायचं. त्यामुळे आमच्या घरात ऑक्सिजनचं मशीन आलं त्या दिवशी मी देवघरातली निरांजनं उचलून माळ्यावर टाकली होती. वैजू हसली होती. अण्णा हसले नव्हते, बोललेही नव्हते काही.

त्या दुपारी ते झोपल्यावर मी टॉवेल सोडवून घेतला.

डबीचे दोन भाग होते, एकावर एक बेमालूम बसणारे. आत कोरून काढलेली एक लांबट खाच, तिच्या टोकांना पितळी पट्ट्या. वरच्या अंगाला एक भोक, बाजूला बटणासाठी छोटी खोबण. टॉवेलाच्या घडीत कागदाची पुडी होती. पुडीत बारीक तारेचं वेटोळं आणि कापसाचा बोळा.

मला कळायला वेळ लागला नाही. असली एक डबी मी एका हॉस्टेलच्या खोलीत पाहिली होती, गादीसकट जळलेली. मोबाइलच्या बॅटरीच्या जातीचा एक सेल, त्यावर तापणारी तार, तारेवर निकोटिनचा रस, आणि त्याचा धूर ओढायचा. बाजारात विकायला बंदी आहे, म्हणून लोक घरी करतात.

मी पलंगाकडे पाहिलं. अण्णांच्या नाकात ऑक्सिजन वाहत होता, आणि हा माणूस त्याच खोलीत निखारा पेटवायच्या तयारीत होता.

ते जागे झाले तेव्हा डबी माझ्या हातात होती.

"अण्णा, हे काय आहे?"

"डबी."

"कशाची?"

"तुमास्नी कळलंय की. इचारताय कशाला?"

"कळलंय म्हणूनच विचारतोय. तुम्हाला बिडी बंद आहे. या मशीनजवळ उदबत्तीसुद्धा लावायची नाही, असं कंपनीचा माणूस सांगून गेला होता. तुम्ही ऐकलं होतं ना?"

"ऐकलंय."

"मग?"

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. श्वास पुरला तेव्हा म्हणाले, "मशीनजवळ आणणार न्हाई. शब्द देतो."

"शब्दाचा प्रश्न नाही. ही मी फेकून देतो."

"जावईबापू," ते एकदम उठून बसले, आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं, रागही नव्हे, विनवणीही नव्हे. "हे हात आता किती दिस चालणार? बघा." त्यांनी पंजे पुढे केले. बोटं सारखी थरथरत होती. "शेवटचं काम हाय माज्या हातचं. नगा फेकू."

मी डबी फेकली नाही. देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली, आणि सेल यात नाही तोवर ही नुसती लाकडाची डबी आहे, अशी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन आलो. तिथे उभ्याउभ्या दोन सिगारेटी ओढल्या. दिवसातून पाच-सहा तरी व्हायच्याच माझ्या, सगळ्या घराबाहेर. परत येताना नेहमीप्रमाणे बडीशेप चावली, नळावर हात धुतले आणि घरात शिरलो. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कूस बदलली.

वैजूचा फोन आला. ती बँकेत नोकरीला होती, आणि पुण्यात तिचं बढतीच्या मुलाखतीआधीचं चार दिवसांचं प्रशिक्षण चालू होतं.

"अण्णा जेवले का?"

"जेवले."

"तुझा आवाज असा का?"

"कसा?"

"काहीतरी झालंय."

"काही नाही गं. तू अभ्यास कर."

सांगितलं असतं तर ती रात्रीच्या गाडीनं परत आली असती. मुलाखत सोडून.

फोन ठेवल्यावर मी इस्माईलचाचांना लावला. इस्माईल मुल्लाणी, अण्णांचे जुने दोस्त. उद्यमनगरात अण्णांच्या शेडशेजारीच त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. ती तार त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून आलेली असणार नव्हती.

"चाचा, तुम्ही अण्णांना काय आणून देताय?"

"कशाचं म्हणताय?"

"चाचा, घरात ऑक्सिजन चालू असतो. ठिणगी पडली तर अंथरूण पेटेल. माणूस पेटेल."

"जावईबापू," चाचा हळूच म्हणाले, "तुम्ही समजताय तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

"हिंदुरावनं शपथ घातलीय मला. त्यालाच विचारा."

"त्यांना विचारलं. ते सांगत नाहीत."

"मग माझ्यानं कसं सांगवेल?" आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला जाणं भाग होतं. एका कापडाच्या गोदामाला आग लागली होती आणि मालक दोन दिवस खोळंबला होता. निघण्याआधी मी अण्णांच्या उशाशी पाण्याचा तांब्या, औषधं, फोन, सगळं मांडलं. देवघराच्या फळीवर हात फिरवून पाहिला. डबी होती.

"दुपारी जेवायच्या वक्ताला येतो," मी म्हणालो.

"या सावकाश," अण्णा म्हणाले. "घाई करू नका. ऊस चालू हाय, रस्त्याला ट्रॉल्या असत्यात."

इतकं लांब वाक्य ते माझ्याशी सहसा बोलत नसत. रस्त्यानं जाताना तेच मनात घोळत राहिलं. सावकाश या, म्हणजे उशिरा या?

गोदामात छपराचे पत्रे वाकून लोंबत होते. काळ्या चिखलात पाय रुतत होते. मालक माझ्या मागं मागं फिरत सांगत होता, "साहेब, वायरिंग नवीन होतं हो, कशानं पेटलं कळंना." कोपऱ्यातल्या टेबलाखाली मला एक फुटलेली नळी सापडली, बोटाएवढी, पत्र्याची, पोटातून फाटलेली. रखवालदाराच्या टॉर्चमधला सेल. रात्री चार्जिंगला लावून तो झोपला होता. जिवावर बेतलं नाही त्याच्या, एवढंच.

तो फाटका सेल हातात घेऊन मी तिथूनच घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. झोपले असतील, मी स्वतःला सांगितलं. पण फोन त्यांच्या उशाशीच ठेवला होता मी, आणि त्यांची झोप इतकी हलकी, की मांजर पत्र्यावरून गेलं तरी कूस बदलायचे.

तिसऱ्यांदाही उचलला नाही, तेव्हा इस्माईलचाचांना लावला.

"चाचा, तुम्ही आमच्या घराजवळ आहात का? जरा बघून येता?"

"मी सांगलीला आहे, मुलीकडे. का, काय झालं?"

"अण्णा फोन उचलत नाहीत."

"या अल्ला," चाचा पुटपुटले. 

"चाचा. तुम्ही त्यांना सेल दिलाय का?"

"सकाळी," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर. गाडीला निघताना देऊन आलो. जावईबापू, त्यानं मला सांगितलं, मशीन बंद करून, अंगणात जाऊन, उघड्यावर बघणार म्हणून. मी म्हणालो, मी परत आलो की दोघं मिळून करू. हो म्हणाला होता तो."

मालकाला काय सांगून निघालो ते आता आठवत नाही. गाडीला किक मारली एवढं आठवतं. हातकणंगल्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एकीला मागं टाकलं की दुसरी पुढे. मध्ये थांबून शेजारच्या घाटगे वहिनींना फोन केला, तर त्या कणेरीला लग्नाला गेलेल्या. फायर ब्रिगेडला सांगू का? काय सांगू? की माझे सासरे फोन उचलत नाहीत? डोक्यात सारखं तेच येत होतं, की मशीन बंद करायचं ते विसरलेत, आणि नळी नाकातच आहे, आणि बोटं थरथरतायत. मी जळालेल्या खोल्या बघितलेला माणूस. मला कल्पना करावी लागत नव्हती, सगळं दिसतच होतं.

आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत रागही होता. जन्मभर धूर ओढला, बायको घसा फोडून सांगत राहिली तरी ऐकलं नाही, आणि आता पोरीची मुलाखत तोंडावर आली असताना यांना धूरच हवा. मी गाडीवर मोठ्यानं त्यांना शिव्या देत होतो. आमच्या वऱ्हाडी शिव्या.

गल्लीत शिरलो तेव्हा घर जागेवर होतं. धूर नव्हता. पुढचं दार आतून कडी लावलेलं. कान लावून ऐकलं, मशीनची घुरघुर ऐकू येत नव्हती. बोळातून मागे पळालो.

अण्णा अंगणात धुण्याच्या दगडाला पाठ टेकून बसले होते. मान एका बाजूला कललेली. ओठ निळे. दोन्ही पंजे मांडीवर उताणे, काळे पडलेले. चार हातांवर मातीत डबी पडली होती आणि तिच्यातून अजून करडा धूर निघत होता, रसायनाचा, घशात टोचणारा. त्यांच्या स्वेटरच्या बाहीला भोक पडलं होतं आणि त्या भोकाच्या कडेनं लाल रेघ हळूहळू वर सरकत होती.

"अण्णा!"

डोळे किलकिले उघडले. ओठ हलले, आवाज नाही.

त्यांना उचलून आत न्यावं, नळी लावावी, असं अंगातलं सगळं ओरडत होतं. पण ती लाल रेघ तशीच घेऊन ऑक्सिजनजवळ नेलं असतं, तर बाही भडकली असती. मी धुण्याची बादली उचलून त्यांच्या अंगावर उपडी केली. म्हातारा माणूस शहारला. मग स्वेटर गळ्यापासून फाडला, खालचा सदराही फाडला, उघड्या अंगावर हात फिरवून फिरवून बघितलं, कुठं काही धुमसतंय का. तेवढ्या वेळात त्यांचे डोळे पुन्हा मिटले होते.

"अण्णा, श्वास घ्या. काहून केलं तुम्ही हे? काहून?"

त्यांना उचललं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते किती हलके झाले होते. पडवीतून, स्वयंपाकघरातून, पलंगावर. मशीनचं बटण दाबलं. ते सुरू व्हायला जेवढा वेळ घेतं तेवढा वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा कधी इतका लांबला नाही. नळी नाकाशी धरून मी त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. हलली. थांबली. पुन्हा हलली.

डॉक्टर बेनाडीकर गल्लीच्या तोंडाशीच राहायचे. त्यांनी येऊन हात धुतले, मलम लावलं, दोन्ही पंज्यांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. "नशीब, तोंडावर नाही उडालं," म्हणाले. "श्वास सुधारतोय. आज रात्री खाली घसरला तर लगेच दवाखान्यात." मला बाजूला घेऊन विचारलं, "झालं काय?" मी म्हणालो, "सेल फुटला." त्यांनी पुढं विचारलं नाही.

ते गेल्यावर मी पलंगाशेजारी स्टुलावर बसलो. आता राग वर यायला लागला होता.

"एवढीच तल्लफ होती तर मला सांगायचं होतं," मी म्हणालो. "वैजू नाही घरी. तुम्हाला काही झालं असतं तर तिला मी काय सांगितलं असतं?"

अण्णा छताकडे बघत होते.

"शब्द दिला होता तुम्ही."

"पाळला," ते म्हणाले. आवाज चिरका, तुटक. "मशीन बंद केलं. भाईर गेलो. वडली न्हाई मी. नुसती तापतीया का बघत हुतो. खाच जरा घट्ट झाल्ती. झाकण दाबलं आन् फाटकन..." त्यांना धाप लागली.

"ओढायची नव्हती तर केली कशाला?"

ते थांबले. श्वास जुळवत राहिले.

"दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आदी," ते म्हणाले, "आपल्या हातात चालवून बघाय नगो?"

"दुसऱ्याच्या कुणाच्या?"

अण्णांनी मान माझ्याकडे वळवली.

"तुमी घरात शिरताना बडीशेप खाता," ते म्हणाले. "मी चाळीस वर्सं खाल्ली."

खिशातली बडीशेपेची पुडी माझ्या हाताला लागली. 

"इस्माईलचा जावई दुबईला असतो. त्याची सिगरेट असल्या डबीनं सुटली म्हणं. मी म्हटलं, आपण करू. लाकडाचं कोण करणार दुसरं? बाजारात मिळत न्हाई."

"अण्णा, त्यानं सुटत नाही. तेही तसंच असतं. तेही छातीत जातं."

"आसंल." त्यांनी डोळे मिटले. "मला कुठं ठावं. मला वाटलं, निदान थोडं कमी."

"मला नुसतं सांगायचं होतं. सोडा म्हणून."

"सांगून सुटती?" ते हसल्यासारखे झाले आणि त्यातून खोकला उसळला. खोकून झाल्यावर म्हणाले, "वैजूच्या आईनं मला जन्मभर सांगितलं. तुमी माजं ऐकला असता? लग्नाला न आलेल्या माणसाचं?"

बाहेर अंगणात डबी विझली होती. मी ती उचलायला गेलो नाही. तिथंच बसलो. थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "वैजूला सांगू, गरम पातेलं धरलं म्हणून. तिची मुलाखत हुंदे."

"दोन्ही हातांनी कोपरापर्यंत पातेलं?"

"मग काय सांगायचं?"

"मुलाखत होईपर्यंत काहीच नाही. आल्यावर मी सांगतो. सगळं."

"सगळं?"

"सगळं."

मुलाखत देऊन वैजू परत आली. बॅग दारातच ठेवून आत धावली, पट्ट्या बघितल्या, आणि आधी मला काय काय बोलली ते इथे लिहीत नाही. मी ऐकून घेतलं. मग तिला अंगणात नेलं, जळकी डबी दाखवली आणि सांगितलं. डबी कुणासाठी होती हेही सांगितलं. तिनं डबी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"तुझ्या शर्टांना मी साबण लावते, रोशन."

"मग बोलली नाहीस?"

"लहानपणापासून बोलत आलेय. एका माणसाशी." तिनं आत बोट केलं. "तेवढं बोलून मी दमले होते."

पुढे महिना दीड महिना अण्णांच्या हातांना पट्ट्या होत्या. दिवसा वैजू बँकेत, म्हणून त्यांना जेवू घालणं, दाढी करणं, पाठ पुसणं माझ्याकडे आलं. पहिले दोन दिवस दोघांनाही अवघड गेलं. घास तोंडाजवळ नेला की ते नजर दुसरीकडे वळवत. मग वळवायचे बंद झाले. भाकरीचा तुकडा मोठा झाला की म्हणत, "जावईबापू, तोंड माजं हाय, फाउंड्रीची भट्टी न्हवं."

संध्याकाळी मी कामावरून आलो, की पलंगावरून एकच शब्द यायचा.

"आज?"

मी आकडा सांगायचो. खरा. चार म्हणालो तर ते मान डोलवायचे. सहा म्हणालो तर पंखा लावायला सांगायचे, एवढंच. रागावले नाहीत कधी. एकदा 'दोन' म्हणालो तर म्हणाले, "खोटं बोलताय," आणि मी तोंड उघडून त्यांच्यापुढे वाकलो, तेव्हा दोघंही इतके हसलो की त्यांना मशीनचा जोर वाढवून द्यावा लागला. वैजू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती.

जखमा भरल्या, पण बोटं पूर्वीसारखी वळली नाहीत. पुन्हा पटाशी हातात धरली नाही त्यांनी. त्याबद्दल बोललेही नाहीत.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता अण्णा गेले. दवाखान्यात, मास्क लावलेला. इस्माईलचाचा पायाशी बसून होते. पंचगंगेवर सगळं आटोपून घरी आलो, पाहुणे पांगले, आणि मी मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसलो. सिगारेट खूप दिवस बंद होती. त्या दिवशी टपरीवरून एक आणली होती, ती ओढून संपवली. बडीशेप खाल्ली नाही.

वैजू पडवीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, केस अजून ओले. वास तिला आलाच असणार.

"आज?" तिनं विचारलं.

"एक," मी म्हणालो.

ती येऊन माझ्या शेजारी दगडावर बसली. थोडी सरकली, मी थोडा सरकलो, दोघांना जागा झाली. त्यानंतर रोज ती मला विचारत राहिली, वर्ष दोन वर्षं तरी. मग कधीतरी तिचं विचारणं थांबलं. केव्हा थांबलं, ते आम्हा दोघांनाही आता सांगता येत नाही.